टायरवरचे आकडे कसे वाचायचे? १८५ च्या जागी १९५ टाकू का?

कोथरूडकर७
मंडळी सल्ला हवाय. स्विफ्टचे चारही टायर गुळगुळीत झालेत, पावसाच्या आत बदलायचेत. आत्ताच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८एच असं आहे. नाना पेठेतले एक दुकानदार म्हणाले १९५/६५ टाका, ग्रिप वाढेल, आरामात बसतात. टाकू का? आणि हे आकडे नक्की काय सांगतात?

घाटवाट
नका टाकू. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही मात्र टक्केवारी आहे, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या बांधणीचा प्रकार, आणि १५ इंची रिम. आता १९५ चे ६५ टक्के काढा, १२७ येतात, म्हणजे टायर नुसता रुंद नाही उंचही झाला, पूर्ण व्यास ६२१ वरून ६३४ मिमीवर गेला, चाक एका फेरीत २ टक्के जास्त अंतर कापणार आणि स्पीडोमीटर त्याच जुन्या हिशोबाने कमी दाखवणार. कंपनी हे किती जपते बघा, स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ यायचे, त्याचा व्यास काढलात तर ६२० च्या आसपासच येतो!

सिंहगडरोड_सुहास
८८एच कडे पण बघा हो, ते कोणी बघतच नाही. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. स्वस्त पडतो म्हणून ८४टी गळ्यात मारतील, तो ५०० किलो आणि १९० चा. १९० ने कोण चालवतंय हे खरंय, पण पाच माणसं, भरलेली डिकी आणि ताम्हिणीचा उतार असतो तेव्हा ते किलो लागतात. मूळ आकड्याच्या खाली अजिबात जाऊ नका.

घाटवाट
+१. आणि बसवायच्या आधी टायरच्या बाजूवर डॉट (DOT) अशी अक्षरं असतात त्यांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. चारही टायर स्वतः बघा, हा कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकून शोधत बसावं लागतं.

कोथरूडकर७
धन्यवाद दोघांना! ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर पाहिलं, तिथेही १८५/६५ आर १५ च आहे, तेच घेतो. हवा किती भरू? टायरवर पण एक पीएसआय दिसतोय.

सिंहगडरोड_सुहास
टायरवरचा तो कमाल, तेवढी भरायची नसते. स्टिकरवर आहे तेवढीच, आणि टायर थंड असताना. फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असेल तर घाटात जाताना तो.