उंची वाढवलेल्या पिकअपचे भरकटणारे स्टिअरिंग

आपण लिहिले आहे की, जुनी घेतलेली आणि पुढून दोन इंच उचललेली इसुझूची पिकअप व्ही-क्रॉस वर्धा रोडवर ८०च्या पुढे भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि मेकॅनिकने व्हील बॅलन्सिंग सुचवले आहे. बॅलन्सिंगचा दोष स्टिअरिंगच्या थरथरीत जाणवतो, भरकटण्यात नव्हे; तो खर्च तूर्त टाळावा.

या गाडीला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म आहेत. स्पेसर (स्प्रिंगपाशी बसवायची जाड चकती) टाकून उंची वाढवली की वरचा आर्म खाली झुकतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि चाके सरळ आणणारी नैसर्गिक ओढ क्षीण होते. शिवाय टाय रॉडही (स्टिअरिंगची हालचाल चाकांना देणारे दांडे) तिरके होत असल्याने खड्ड्यागणिक टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो आणि गाडी स्वतःच दिशा सोडते. अलाइनमेंटवाले बहुधा टो तेवढा जुळवून मोकळे होतात, म्हणून कॅस्टरचे आकडे असलेला छापील रिपोर्ट आवर्जून मागावा.

मात्र त्याआधी चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहावे. खेळ (ढिलेपणा) आढळल्यास आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे, आडव्या दिशेने आढळल्यास टाय रॉड एंडचा संशय घ्यावा. ॲक्सलचे रबरी बूटही पाहावेत, कारण वाढलेल्या कोनामुळे ते लवकर फाटतात. सर्व घट्ट असूनही कॅस्टर मर्यादेत येत नसेल, तर सुधारित कोनाचे वरचे आर्म बसवण्यापेक्षा मी स्पेसरच काढून टाकीन. शिवाय गाडीतील अशा बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच.