कोरड्या, पन्नाशी ओलांडलेल्या त्वचेवर मेकअप नीट बसावा म्हणून आधी काय तयारी करावी?

शेवंती
नमस्कार. माझे वय ५७ असून येत्या जानेवारीत नागपुरात माझ्या मुलीचे लग्न आहे. साखरपुड्याला मी पार्लरमध्ये मेकअप करून घेतला होता. सुरुवातीला तो छान दिसला. पण तासाभरातच नाकाच्या कडांना पापुद्रे दिसू लागले, ओठांच्या बाजूच्या रेषांत फाउंडेशन साचले आणि डोळ्यांखाली बारीक भेगा पडल्यासारखे झाले. फोटोंत मी आहे त्याहून कितीतरी थकलेली दिसते, याचे मनापासून वाईट वाटते. रजोनिवृत्तीनंतर माझी त्वचा फार कोरडी झाली असून आंघोळीनंतर चेहरा ओढल्यासारखा होतो. सध्या मी साबणाने चेहरा धुते आणि रात्री खोबरेल तेल लावते. लग्नाचा मुहूर्त सकाळचा आहे. कन्यादान आणि होमाला बराच वेळ बसावे लागेल, आणि दुपारच्या पंगती उठेपर्यंत चेहरा नीट राहावा एवढीच इच्छा आहे. जाड थर मला नको. त्वचेची तयारी केव्हापासून आणि कशी करावी? फेशियल, ब्लीच किंवा उटण्याचा उपयोग होईल का?

निशिगंध
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून मेकअपच्या आधीच्या भागाबद्दलच लिहिते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही स्निग्ध द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे आतले पाणी उडून जात नाही. वाढत्या वयात ही द्रव्ये घटतात, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने तैलग्रंथींचे कामही मंदावते, आणि त्यात नागपूरची हिवाळ्यातली कोरडी हवा. अशा त्वचेवरच्या मृत पेशी वेळेवर गळून पडत नाहीत. त्यांच्या कडा किंचित उचललेल्या राहतात आणि फाउंडेशनचा रंग नेमका तिथे अडकतो. आपल्याला दिसलेले पापुद्रे मेकअपचे नव्हते, ते त्वचेवर आधीपासूनच होते आणि मेकअपने फक्त ते दाखवून दिले. त्यामुळे खरी तयारी लग्नाच्या किमान सहा आठवडे आधी सुरू व्हायला हवी.

पहिली गोष्ट म्हणजे चेहऱ्याला साबण लावणे थांबवा. नेहमीच्या साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे उरलेसुरले तेलही निघून जाते. त्याऐवजी फेस न होणारे सौम्य क्लीन्झर आणि कोमट पाणी वापरा. चेहरा टॉवेलने टिपून ओलसर असतानाच ग्लिसरीन आणि सिरॅमाइड असलेले दाटसर क्रीम लावा.  खोबरेल तेल पाणी धरून ठेवते, पण स्वतः पाणी देत नाही, म्हणून ते लावायचेच असेल तर रात्री क्रीमच्या वर थोडे लावा. पापुद्र्यांसाठी आठवड्यातून एक-दोन रात्री ५ टक्के लॅक्टिक आम्ल असलेले लोशन पुरे. ते आधी कानामागे लावून दोन दिवस पाहा, दिवसा किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावा आणि लग्नाच्या आठवडाभर आधी लॅक्टिक आम्ल बंद करा. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वापासूनचे, सुरकुत्यांसाठीच्या क्रीममध्ये असणारे द्रव्य) आजवर वापरले नसेल तर आता मुळीच सुरू करू नका.

ब्लीचमध्ये अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते. आपल्यासारख्या त्वचेला ते सोसत नाही. फेशियल करायचेच असेल तर दोन आठवडे आधी आटपा. बेसन आणि मुलतानी माती तेल शोषून घेतात, शिवाय उटणे चोळून काढावे लागते. हळदीच्या दिवशी मानापुरते बोट लावावे, त्यापुढे जाऊ नये. आणि एक सांगणे आवश्यक वाटते: कोरडेपणा अचानक वाढला असेल आणि सोबत थकवा किंवा केसगळती असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

पारिजात
आईच्या वेळच्या अनुभवावरून एवढेच सुचवते की भुवया आणि वरच्या ओठाचे थ्रेडिंग तीन-चार दिवस आधी करून घ्यावे. आदल्या दिवशी केले तर तिथली कातडी नेमकी मेकअपच्या वेळी सुटू लागते आणि ती कशानेही झाकत नाही.

अबोली
मी बरीच वर्षे नववधू आणि त्यांच्या आयांचा मेकअप करते. आयांच्या चेहऱ्यासाठी वेळ राखून ठेवला जात नाही, नवरीचे आवरून झाल्यावर दहा मिनिटांत त्यांचे उरकले जाते, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच होतो. आपल्या मेकअपवालीला आधीच सांगून ठेवा की आपला चेहरा क्रीम लावून किमान पंधरा मिनिटे तसाच राहिला पाहिजे. तेवढ्या वेळात केस आणि साडी होऊन जाते.

सकाळी कोमट पाण्याने चेहरा धुऊन, ओलसर असतानाच पाण्यासारखे पातळ सीरम आणि त्यावर क्रीम तळव्यांनी दाबून लावावे, घासू नये. ओठांवर तेव्हाच पेट्रोलियम जेली लावून ठेवावी आणि लिपस्टिकच्या आधी पुसावी. पंधरा मिनिटांनी बोटांची मागची बाजू गालाला लावून पाहा: त्वचा किंचित चिकट लागली पाहिजे, पण बोट घसरता कामा नये. घसरत असेल तर टिश्यूपेपर ठेवून हलके दाबा. प्राइमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, लावताना बारीक वळ्या निघू लागल्या, तर खालचे क्रीम जास्त झाले आहे किंवा दोन्हींचे जमत नाही असे समजावे. सिलिकॉनचा प्राइमर असेल तर फाउंडेशनही सिलिकॉनचेच असावे.

फाउंडेशन चेहऱ्याच्या मधल्या भागातच, ओल्या करून पिळलेल्या स्पंजने थोपटत लावावे. कानाकडे जाताना ते जवळजवळ नसावेच. दिवसभर टिकणारी मॅट फाउंडेशन्स वाळताना आवळतात, म्हणून ती टाळा. डोळ्यांखालच्या काळसरपणासाठी आधी नारिंगी छटेचे करेक्टर अगदी पातळ, आणि डाग झाकणारे कन्सीलर फक्त नाकाकडच्या कोपऱ्यात. त्यानंतर एकदा मोकळेपणाने हसा, रेषांत जे साचेल ते स्वच्छ बोटाने उचलून घ्या, आणि मगच नाकाच्या कडांना व हनुवटीवर चिमूटभर पावडर लावा. गालांवर आणि डोळ्यांखाली पावडर नकोच. ब्लशही क्रीमचा घ्यावा.

आणि ट्रायल अवश्य करा. सकाळी मेकअप करून दुपारपर्यंत घरात वावरा, मग खिडकीच्या उजेडात एक आणि फ्लॅशने एक फोटो काढा. काही सनस्क्रीन आणि पावडरींमुळे फ्लॅशमध्ये चेहरा पांढरट दिसतो, ते आरशात कळत नाही.

शेवंती
आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनःपूर्वक आभार. साबण आजपासून बंद. दोनच शंका राहिल्या आहेत. फाउंडेशनमध्ये तेलाचे थेंब मिसळावेत असे माझी बहीण म्हणते, ते योग्य आहे का? आणि होमाची धग, धूर व पाठवणीच्या वेळी येणारे अश्रू यांचे काय करावे?

अबोली
तेल मिसळू नका. सिलिकॉनच्या फाउंडेशनमध्ये ते एकजीव होत नाही आणि धगीने थर सरकू लागतो. होमाजवळ घाम आला तर रुमालाने पुसू नका, टिपा. अश्रूंसाठी टिश्यूची घडी करून तिचे टोक खालच्या पापणीच्या कडेला धरा आणि पाणी त्यात शोषू द्या. मस्करा वॉटरप्रूफ असावा आणि काजळ फक्त वरच्या पापणीला. पंगतीच्या आधी चेहरा ओढल्यासारखा वाटला, तर वरून पावडर कधीही लावू नका. किंचित ओल्या स्पंजने त्या जागी थोपटा, अनामिकेवर कणभर क्रीम घेऊन दाबा, दोन मिनिटे थांबा आणि गरज वाटली तरच कन्सीलरचा ठिपका द्या. स्पंज, क्रीम, टिश्यू आणि लिपस्टिक एका छोट्या बटव्यात घालून तो मांडवात बहिणीकडे द्या, म्हणजे विधींच्या मध्ये आपल्याला शोधाशोध करावी लागणार नाही.