शाळेचा संघ, पोरी पंचक्रोशीच्या

मैदानाबाहेरचा (धागाकर्ता):
यंदाही आमच्या तालुक्यातली १७ वर्षांखालच्या मुलींची खो-खोची ढाल त्याच शाळेनं नेली. नाव लिहीत नाही. तालुक्यातल्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. खेळल्या मात्र झकास. पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीतली एक पोरगी अशी पळाली की समोरच्या संघाचा निम्मा डाव तिच्यामागेच गेला. पण प्रेक्षकांत टाळ्यांपेक्षा कुजबुजच जास्त. ही कुठली? ती गेल्या वर्षी दुसऱ्या शाळेकडून खेळत होती ना? आमच्याकडे आता म्हणतातच, दाखले जूनमध्ये येतात आणि ढाल सप्टेंबरमध्ये.

कागद चोख आहेत. जनरल रजिस्टरला नाव, बोनाफाईड, आधार, जन्मतारीख, सगळं जुळतं. हरकत घ्यायला जागाच नाही. पण काही वर्षांपूर्वी याच तालुक्यात गावाकडच्या तीन-चार शाळा उपांत्य फेरीत दात-ओठ खाऊन खेळायच्या. आता त्यांना मैदानात नऊ जणी उभ्या करताना मारामार होते. कुठं एक चांगली पोरगी दिसली की पुढच्या जूनला ती शहरातल्या वसतिगृहात.

याला शाळेचं यश म्हणायचं का? माझ्या मते नाही. बोला.

पीटीवाले_सर:
मी त्या शाळेत नाही, पण अशाच एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, तेव्हा शिव्या मलाही लागू.

आधी हे सांगा, गावातली शाळा कितवीपर्यंत आहे? जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीला संपतात. पुढं पोरीला कुठं तरी जावंच लागतं. ती एसटीनं रोज ये-जा करता येईल अशा शाळेत जाईल, नाही तर वसतिगृह असलेल्या. जिथं मॅट आहे, दोन वेळचं जेवण आहे आणि पहाटे साडेपाचला मैदानावर येणारा शिक्षक आहे, तिथं ती आली तर तिला 'पळवली' म्हणायचं? निम्म्या वेळा आई-बापच माझ्या दारात येतात. आणि आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हा शिक्षण हक्काचा कायदा आहे. मी नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं?

'घरचा खेळाडू' या कौतुकाबद्दलही बोलू. धावपटू अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेला सहा किलोमीटर चालत, पळत जायचा. तेव्हा त्याला कोणीच उचललं नाही. बारावी करून सैन्यात गेला, तिथं त्याचे पाय कुणाला तरी दिसले. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्य, ८ मिनिटं ११.२० सेकंद. शाळेच्या वयात त्याला कोणी 'पळवला' असता तर वाईट झालं असतं का?

गावशाळा:
सर, तुमच्या दारात निम्मे येतात म्हणालात. उरलेल्या निम्म्यांचं सांगा की.

मी सांगतो. आमच्या प्राथमिक शाळेत खेळाचा वेगळा शिक्षक नाही. गणित शिकवणाराच संध्याकाळी शिट्टी गळ्यात अडकवतो. खांब आम्ही स्वतः रोवले. पाचवीपासून एका पोरीला साखळी, रिंग अशा पळायच्या पद्धती, खांबाजवळची हुलकावणी शिकवली. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती चमकली आणि सामना संपायच्या आत एका संस्थेचा माणूस तिच्या वडिलांशेजारी येऊन बसला होता. बूट, फी माफ, राहणं-खाणं फुकट. बाप शेतमजूर, नाही कशाला म्हणेल? मीच दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही घेऊन दिली. वाईट वाटलं, पण रागावलो नाही.

राग पुढच्या वर्षी आला. तिचा गुडघा गेला. संघातून नाव गेलं ते समजू शकतो. दिवाळीनंतर वसतिगृहातली जागाही गेली. 'जागा खेळाडूंसाठी आहे.' नववीच्या मध्यावर पोरगी परत गावात, आणि आमच्याकडं वर्ग सातवीपर्यंतच. ती सध्या घरी आहे.

गंगावेस:
कोल्हापूरकर म्हणून मला या चर्चेची गंमत वाटते. बाहेरून माणूस आणायचा नाही असं ठरवलं असतं तर आमच्या तालमी रिकाम्या राहिल्या असत्या. शाहू महाराजांनी कुठकुठले मल्ल पोसले! खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ ला खुलं झालं ते काय फक्त पेठेतल्या पोरांसाठी? आजही गंगावेस, शाहूपुरी, मोतीबागेत सोलापूर, बीड, लातूरची पोरं दूध-बदाम बांधून येऊन राहतात. त्यांना कोणी 'आयात' म्हणत नाही, पठ्ठे म्हणतात.

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. टिळक हायस्कूल कऱ्हाडचं, पण पुढं राजाराम कॉलेजात आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं. कांस्यपदक कऱ्हाडचं की कोल्हापूरचं, यावर कुणी भांडलेलं ऐकलं नाही.

(पेठांच्या फुटबॉलमध्ये परदेशी खेळाडू आले तेव्हा आमच्याकडेही 'आपली पोरं बाकावर' म्हणून ओरड झाली, हे कबूल. पण तो विषय वेगळा.)

मैदानाबाहेरचा:
विषय वेगळा नाही, गैरसोयीचा आहे. आणि खाशाबांचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे. खर्डेकरांनी त्यांना कॉलेजात घेऊन नुसतं जिंकवून घेतलं नाही, अडचणीच्या वेळी स्वतःचं घर पणाला लावलं. वर गावशाळा यांनी सांगितलेल्या पोरीसाठी त्या संस्थेनं साधी खाट राखली नाही. शिवाय खाशाबा कॉलेजला होते, जाणते होते. इथं तेरा वर्षांच्या पोरीबद्दल चाललंय आणि बोलणी होतात तिच्या बापाशी.

बनावट_नाणं:
तुम्ही सगळे भलतीकडेच भांडताय. २८ किलोमीटरवरून आलेली पोरगी हा घोटाळाच नाही. खरा घोटाळा वयचोरीचा. १७ खालच्या संघात मिशा कापून येणारे बघितलेत ना? क्रिकेट मंडळ हाडांची तपासणी करतं, तालुक्याच्या खो-खोत कोण करणार? आणि त्याहून मोठा प्रमाणपत्रांचा. ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर लोक सरकारी नोकरीत शिरल्याचं प्रकरण याच राज्यात झालं. वाढीव गुण आणि नोकरीतलं ५ टक्के आरक्षण असल्यावर संशय राहणारच.

ऑस्टिनकर:
टेक्सासमधून. इथं हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलवर अख्खं गाव शुक्रवारी रात्री लोटतं आणि संशयही तेवढाच. शाळा बदलणाऱ्या खेळाडूला आधीच्या खेळाचा एक अर्ज भरावा लागतो. त्यावर जुन्या शाळेचं म्हणणंही घेतात. खेळासाठीच शाळा बदलली असं जिल्हा समितीला वाटलं तर वर्षभर मुख्य संघात जागा नाही. निर्णय देणारे त्याच गटातल्या शाळांचे अधिकारी, म्हणजे प्रतिस्पर्धीच. त्यामुळे भांडणं संपत नाहीत, फक्त बंद खोलीत होतात.

आयातीची_आई:
वरच्या बनावट_नाणं यांना माहीत असो नसो, २८ किलोमीटर हा आकडा माझ्या लेकीलाही लागू पडतो. तेव्हा मी बोलते.

ती त्या ढालवाल्या संघात आहे. 'बाहेरची, बाहेरची' म्हणून परवा मागून पोरं ओरडत होती ती तिच्यावरच. एकाच तालुक्यातली बाहेरची! तिला मी पाठवलं. गावात राहिली असती तर आठवीनंतर एसटीच्या भरवशावर शाळा, आणि संध्याकाळी सरावानंतरची गाडी चुकली की संपलं. दोन वर्षांत स्थळं यायला लागली असती. खो-खोमुळं ती निदान दहावीला बसतेय. यात कोणी तिला विकत घेतलेलं नाही.

ऑस्टिनकर, वर्षभर बसवायचा नियम इथं आणू नका. तिकडं वर्ष गेलं तर वर्षच जातं. इथं वर्षभर खेळली नाही तर घरचेच म्हणतात, मग तिथं ठेवायची कशाला?

मैदानाबाहेरचा:
ताई, मुलीवर ओरडणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. माझी तक्रार संघ बांधणाऱ्यांशी आहे, खेळणाऱ्यांशी नाही.

बंदी नकोच, एवढं या धाग्यावरून मलाही पटतंय. पण दोन गोष्टी होऊ शकतात. एक, प्रमाणपत्रावर आधीच्या शाळेचं आणि पहिल्या शिक्षकाचंही नाव यावं. आत्ता राज्य पातळीवर खेळलेल्या पोरीच्या कागदावर फक्त शेवटची शाळा असते, गावशाळा यांच्यासारख्या शिक्षकांचा त्यात मागमूस नसतो. दोन, खेळाच्या नावावर वसतिगृहात घेतलं तर दहावीपर्यंत जागा द्यायची, खेळो न खेळो. हे प्रवेशाच्या वेळी लेखी.

पीटीवाले_सर:
पहिलं आनंदानं. सरलवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत, आधीची शाळा असतेच, छापायला काय जातं? दुसरं अवघड आहे. आमच्याकडं वीस खाटा. चार पोरी जखमी होऊन बसल्या तर नव्या चार घेता येत नाहीत. संस्थाचालकांना ढाल हवी असते, ढाल आली नाही तर पुढच्या वर्षी वीस खाटांच्या दहा होतात. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, असं चालतं म्हणून सांगतोय.

गावशाळा:
मग दहाच खाटा ठेवा आणि दहाजणींना नीट सांभाळा. बाकीच्या आमच्याकडं खेळतील, तुम्हाला उपांत्य फेरीत भेटू.

गंगावेस:
हे बोललात! ते गाठ पडणं बघायला मी तिकीट काढून येईन.

आयातीची_आई:
तिकीट काढा, पण ती लेखी हमी आधी मागा. नाव छापायचं मागाहून बघता येईल. माझ्या लेकीचा गुडघा अजून धड आहे म्हणून मी निवांत झोपते, एवढंच.