मिशन द्राक्षवेल: जपण्याजोगा वारसा, की बाटलीवर चिकटवलेली गोष्ट?

सिएरापायथा:
मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. मागच्या सुगीत अमाडोर परगण्यातल्या एका मळ्यात ‘मिशन’ जातीच्या जुन्या वेली पाहण्याचा योग आला. मांडव नाही, तार नाही, ठिबक नाही; मांडीएवढ्या जाड बुंध्यांची ती झुडपे आपापल्या आधारावर उभी होती. गोल्ड रशच्या (सोन्याच्या शोधात लोंढे आले त्या) काळापासून, म्हणजे १८५० च्या दशकापासून, त्या तिथे आहेत असे मळेवाले सांगतात. ही जात आता उपटून टाकली जात आहे आणि तिला वारसा मानून वाचवले पाहिजे, असे माझे मत आहे. त्यावर येथे चर्चा व्हावी.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. फ्रान्सिस्कन पाद्री हुनिपेरो सेरा यांनी १७६९ मध्ये सॅन डिएगोला कॅलिफोर्नियातील पहिले मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचे ठाणे, स्थापन केले आणि १८२३ पर्यंत अशी २१ मिशने उभी राहिली. मिस्सेला, म्हणजे ख्रिस्ती उपासनेला, वाइन लागते आणि ती मेक्सिकोहून आणणे कठीण, म्हणून काड्या आणून मळे लावले गेले. ही काळी द्राक्षे नेमकी कोणती, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते; २००७ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवले की ती स्पेनमधील ‘लिस्तान प्रिएतो’ आहेत. मायभूमीत ही जात जवळपास संपली, कॅनरी बेटांवर टिकली, चिलीत ‘पाईस’ आणि अर्जेंटिनात ‘क्रिओया चिका’ म्हणून नांदली. चिलीत मिगेल तोरेस यांच्या कंपनीने याच पाईसपासून ‘एस्तेलादो’ ही फेसाळ वाइन काढली, तेव्हा जी द्राक्षे हलकी समजली जात होती, त्यांच्याकडे लोक पुन्हा वळून पाहू लागले. कॅलिफोर्नियाने तेच करायला काय हरकत आहे?

निफाडकर:
हरकत अशी की वेल म्हातारी झाली म्हणून तिची वाइन चांगली होत नाही. मिशनच्या द्राक्षात साखर भरपूर उतरते, पण आम्लता कमी आणि रंग फिका. पाद्रीही ते जाणून होते. म्हणून तर त्या प्रदेशात ‘अँजेलिका’ ही गोड वाइन रुजली, ज्यात रस पुरता आंबण्याआधीच ब्रँडी घालून गोडी आणि टिकाऊपणा साधला जातो. पुढे झिन्फान्डेल आणि फ्रेंच जाती आल्या आणि मिशन मागे पडले. बागाईतदाराच्या नजरेने ही साधी निवड आहे, अन्याय नव्हे.

दुसरे, ‘वाचवणे’ म्हणजे नक्की काय? द्राक्ष काडीने वाढते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या सरकारी वाण-संग्रहात काडी असेपर्यंत जात मरत नाही. मरतो तो तुम्ही पाहिलेला मळा, आणि तो जगवायचा खर्च उचलणारा शेतकरी असतो, कौतुक करणारा पाहुणा नव्हे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर आमच्याकडे वाइन द्राक्षांची लाट आली. मीही दोन एकर शिराझ लावले. २००९ च्या आसपास मागणी बसली, करार केलेल्या कारखान्याने माल उचलला नाही आणि पुढच्या वर्षी ती बाग मी जेसीबीने काढली. पाईसच्या बाटलीचे परदेशात कितीही गुणगान झाले, तरी चिलीतल्या ईताता खोऱ्याच्या छोट्या शेतकऱ्याची दराबद्दलची तक्रार काही संपलेली नाही.

मृण्मयी:
आपण दोघेही वेलीबद्दल बोलत आहात. मला त्या वेलींना पाणी घालणाऱ्या हातांबद्दल बोलायचे आहे. मिशनांचे मळे पाद्र्यांनी लावले, असे सहज म्हटले जाते. खणले, छाटले आणि तुडवले ते तेथल्या मूळ रहिवाशांनी, ज्यांना बाप्तिस्म्यानंतर मिशन सोडून जाण्याची मुभा नव्हती आणि पळाल्यास सैनिक पकडून आणत. १८३० च्या दशकात मिशनांची मालमत्ता सरकारने काढून घेतल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने ज्या कायद्याला ‘इंडियनांचे शासन व संरक्षण’ असे साळसूद नाव दिले, त्याच्या आधारे लॉस एंजेलिसमध्ये दारूच्या नशेत सापडलेल्यांना रविवारी पकडून सोमवारी मळेवाल्यांना लिलावात आठवड्यासाठी विकत, आणि आठवडाअखेर मजुरीचा भाग म्हणून पुन्हा ब्रँडीच देत. म्हणजे द्राक्षे पिकवायची, त्यांचीच दारू मजुरीत घ्यायची आणि त्याच दारूपायी पुन्हा विकले जायचे.

पोपनी सेरा यांना २०१५ मध्ये संतपद दिले, आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी मूळ रहिवाशांची औपचारिक माफी मागितली. या दोन्ही गोष्टी चार वर्षांच्या आत घडल्या. अशा इतिहासावर, बाटलीवर मिशनच्या घंटेच्या मनोऱ्याचे चित्र छापून, ‘वारसा’ म्हणून विकणे मला मान्य नाही. वेल राहो, तिच्याविषयीची ही गोड गोष्ट तेवढी नको.

सिएरापायथा:
मृण्मयी यांचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. माझ्या पहिल्या लेखनात ‘मळे लावले गेले’ असे कर्ता वगळलेले वाक्य आहे, ते आता मलाच खटकते.

निफाडकरांशी मात्र मतभेद कायम आहे. कमी आम्लतेवर उपाय नाही असे नाही: चिलीत काही जण द्राक्षे लवकर तोडतात, काही अख्खे घड कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत ठेवून हलकी, फळाच्या चवीची वाइन करतात. शिवाय मळा आणि जात यांत आपण फार सहज भेद केला. ईतातातल्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, कारण मुळे खाणारी फिलॉक्झेरा ही कीड चिलीत पोहोचलेली नाही. आपल्याकडे डॉगरिज खुंटाशिवाय (ज्याच्या मुळांवर हव्या त्या जातीचे कलम करतात) बागेचा विचार होत नाही, तेव्हा याचे मोल आपल्याला कळायला हवे. पाऊस आणि जमिनीतली ओल एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी बाग संग्रहातल्या चार काड्यांतून परत उभी राहत नाही. २०१७ आणि २०२३ च्या वणव्यांत त्या भागातल्या कित्येक जुन्या बागा जळाल्या, आणि भोवतालच्या पाइन-निलगिरीच्या लागवडींनी आग वाढवली. उपटलेल्या पाईसच्या जागी पुष्कळदा याच लागवडी आल्या होत्या.

खुंटकलम:
पाद्र्यांच्या कथा जपून घ्याव्यात, एवढेच सुचवतो. तमिळनाडूतील कंबम खोऱ्याच्या पन्नीर द्राक्षांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती १८३२ मध्ये एका फ्रेंच पाद्र्याने आणल्याचे सर्वत्र छापून आले. पन्नीर म्हणजे मस्कत हॅम्बुर्ग, आणि ती जात इंग्लंडात तयार झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. साल आणि वाण यांचा मेळ बसत नाही.

कॅलिफोर्नियातही तसेच. सॅन गॅब्रिएल मिशनमधील प्रसिद्ध जुनी वेल ही पाद्र्यांनी लावलेली ‘मूळ’ मिशन वेल म्हणून दाखवली जात असे. डीएनए तपासल्यावर ती निव्वळ मिशन निघाली नाही. एक पालक मिशन, दुसरा ‘व्हिटिस गर्डियाना’, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ओढ्याकाठचे रानद्राक्ष. लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा रस्त्यावरची जुनी वेलही त्याच संकराची आहे आणि अलीकडे तिच्या द्राक्षांपासून अँजेलिका करण्यात आली.

मृण्मयी:
हे मला ठाऊक नव्हते. मग त्या बाटलीवर घंटेच्या जोडीला त्या रानद्राक्षाचे नावही यायला हवे, आणि ते तेथल्या मूळ लोकांच्या भाषेतले असावे.

निफाडकर:
नाव हवे ते छापा. या द्राक्षाला टनामागे भाव काय मिळतो, हे इतक्या चर्चेत अजून एकानेही सांगितलेले नाही.