आयसीयूतल्या मावशींचं काम

आयसीयूत नर्सिंग असिस्टंट म्हणजे बेडपॅन आणि चादरी, एवढंच ना, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी ८ वर्षं हेच काम करतेय.

बेडपॅन आहेच. पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याला साधारण दर २ तासांनी आम्हीच वळवतो. सिस्टर डोक्याशी श्वासाची ट्यूब सांभाळून उभी, तिने 'तीन' म्हटलं की आम्ही दोघी एकदम. घाई केली तर नळी निसटू शकते. मग माकडहाड, टाचा, कानामागची कातडी बघायची. लाल जागा बोटाने दाबूनही फिकी होत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली, लगेच सिस्टरला सांगायचं. उशाकडची बाजू शक्यतो ३० ते ४५ अंश वर. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली. कॉटवर राहून गेली तर लघवी परत आत शिरू शकते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

औषध देणं आपलं काम नाही, कुणी घाईत सांगितलं तरी हात लावू नका.

बेशुद्ध पेशंटशीही मी बोलते. "काका, पाठ पुसतेय हं, पाणी कोमट आहे." गुंगीतही काहींना ऐकू येतं.

सगळ्यात अवघड जातं ते दाराबाहेर. नातेवाईक हात धरून विचारतात, "मावशी, कसे आहेत हो?" तब्येतीचं डॉक्टरच सांगणार. मी एवढंच सांगते, "आत्ताच अंग पुसून, दाढी करून दिलीय."