एवढं मोठं स्की रिसॉर्ट आपल्याला हवंय का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

राहुल (बी-३०४): नमस्कार मंडळी. एक सल्ला हवाय. घरच्यांना घेऊन एकदा स्कीइंगला जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, दोन्ही पोरं (एक नववीत, एक पाचवीत), बाबा आणि माझा मेहुणा. मेहुण्याने गुलमर्गला कोर्स केलाय, त्याला चांगलं येतं. आम्ही चौघं अगदी नवखे. बाबा नुसते बघणार. एजंट म्हणतोय फ्रान्समधलं थ्री व्हॅलीज घ्या, ६०० किलोमीटरचे उतार आहेत, एका पासवर सगळं फिरता येतं. मंजिरीताई, तुम्ही तिकडं राहून आलाय. काय करावं?

अक्षय (बी-२०२): दादा, लै भारी! मोठंच घ्या. एवढ्या लांब जाऊन छोट्या ठिकाणी कशाला अडकायचं?

अण्णा (सी-१०१): राहुल, पोरं पडली-बिडली तर जवळ दवाखाना आहे का, ते आधी विचार. किलोमीटरचं नंतर बघू.

मंजिरी (ए-५०२): राहुल, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असताना आम्ही हिवाळ्यात थ्री व्हॅलीजला जायचो. ते ठिकाण माझ्या फार आवडीचं आहे. तरी तुम्ही ते ६०० च्या आकड्याकडं बघून घेऊ नका, असंच मी म्हणेन.

तिथं कूर्शवेल, मेरिबेल आणि बेलव्हिल अशा तीन दऱ्या आहेत. व्हाल तोरांस हे गाव बेलव्हिलच्या दरीत, अगदी वर. लिफ्टने मधला डोंगर चढायचा आणि पलीकडच्या दरीत उतरायचं. उतारांना अवघडपणानुसार रंग असतात: हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, मग लाल. ज्याला निळे आणि लाल उतार सहज जमतात, त्याला यासारखं सुख नाही. सकाळी एका दरीतून निघा, तिसरीत जेवा, परतताना वेगळ्याच वाटेने या. सगळा दिवस नवा डोंगर डोळ्यांसमोर.

पण नवख्या माणसाचे पहिले तीन-चार दिवस गावालगतच्या एका लहानशा, जवळजवळ सपाट पट्ट्यावर जातात. मॅजिक कार्पेट म्हणजे जमिनीलगतची सरकती लिफ्ट, तिच्यावर उभं राहून वर जायचं आणि स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवून हळूहळू खाली यायचं. लहान पोरांना शिकवताना त्याला 'पिझ्झा' म्हणतात. रिसॉर्ट ६० किलोमीटरचं असो की ६०० चं, हा शिकाऊ पट्टा तेवढाच असतो. काही गावांत त्या लिफ्टला पाससुद्धा लागत नाही. मग सहाही जणांचे तिन्ही दऱ्यांचे पास कशासाठी? आठवडाअखेर तुम्ही चौघं एक-दोन हिरवे, फार तर एखादा सोपा निळा उतार उतरलात तरी उत्तम प्रगती झाली म्हणायचं.

राहुल (बी-३०४): म्हणजे छोटंच बघू का?

अक्षय (बी-२०२): थांबा दादा. ताई, बर्फ कमी पडलं तर? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग महिनाभर कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. छोट्या ठिकाणी असं झालं की आठवडा वाया. मोठ्या ठिकाणी एका अंगाला बर्फ वितळलं तर दुसऱ्या अंगाला मिळतं, वर बर्फ पाडणारी मशीनं असतात. गर्दीही पांगते.

मंजिरी (ए-५०२): अक्षय, बर्फाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. उत्तरेकडं तोंड असलेल्या उतारांवर बर्फ टिकतं, दक्षिणेकडचं उन्हाने लवकर वितळतं. मोठ्या ठिकाणी दोन्ही असतात. पण माझ्या मते त्यात आकारापेक्षा उंचीचा भाग जास्त. व्हाल तोरांस गावच २,३०० मीटरवर आहे, म्हणून तिथं बर्फाचा भरवसा. खाली दरीत पसरलेलं रिसॉर्ट कितीही मोठं असलं तरी पाऊस पडला की खालचा भाग बंद.

आणि ते किलोमीटर डोळे झाकून मानू नका. २०१३ साली क्रिस्टोफ श्राहे या जर्मन सल्लागाराने बऱ्याच रिसॉर्टचे उतार मोजले. स्वित्झर्लंडचं फोर व्हॅलीज ४१२ किलोमीटर सांगत होतं, त्याच्या मोजणीत १६४ भरले. काही ठिकाणी माणूस वळत-वळत जितकं अंतर कापतो तितकं धरून आकडा वाढवलेला होता. रिसॉर्ट त्यामुळं वाईट ठरत नाही, पण निवड त्या आकड्यावर करू नये.

सेक्रेटरी काका: मधे बोलतो, माफ करा. उद्या सकाळी नळाला पाणी येणार आहे. टाक्या उघड्या ठेवू नका. आता चालू द्या.

राहुल (बी-३०४): ताई, तारखांचंही सांगा. पोरांच्या शाळेमुळं नाताळची सुट्टी किंवा परीक्षा संपल्यावर एप्रिलचा शेवट, एवढंच हातात आहे.

अण्णा (सी-१०१): जानेवारीत आपली सोलापूरची गड्डा यात्रा सोडून कुणी कुठं जायचं नाही, हे नक्की.

मंजिरी (ए-५०२): 🙏 अण्णा, ते आम्हीही सोडत नाही.

राहुल, इथं मात्र पारडं मोठ्या, उंच ठिकाणाकडं झुकतं. एप्रिलच्या शेवटाला गुलमर्गच्या खालच्या मैदानातलं बर्फ गेलेलं असतं. युरोपातली लहान, कमी उंचीची रिसॉर्टही बंद होतात. व्हाल तोरांस साधारण मेच्या सुरुवातीपर्यंत चालतं. दिवस मोठा, ऊन छान, बाबांना बाहेर खुर्ची टाकून बसता येईल. सकाळी बर्फ घट्ट आणि निसरडं, दहा-साडेदहानंतर मऊ, दुपारी दोन-तीननंतर पाय ओढायला लागतील इतकं जड. म्हणून क्लास घेताना साडेनऊच्या आसपासचा घ्या आणि दुपारी लवकर आवरा.

पण त्या दिवसांत खालच्या दऱ्यांतली गावं आधीच बंद व्हायला लागतात, दऱ्या जोडणाऱ्या लिफ्टही बंद होतात. म्हणजे ज्या ६०० किलोमीटरचे पैसे घेतात, ते तेव्हा सगळे उघडे नसतात. एजंटला हे स्पष्ट विचारा: आमच्या तारखांना कुठली जोडणी चालू आहे?

नाताळात उलटं. बहुतेक सगळं उघडं असतं, पण बर्फ अजून पुरेसं साठलेलं नसतं आणि सगळं युरोप सुट्टीवर. दर चढे, लिफ्टला रांगा.

राहुल (बी-३०४): मेहुण्याचं काय? तो आमच्याबरोबर त्या सपाट पट्ट्यावर बसणार नाही.

मंजिरी (ए-५०२): बसूही नये. त्याच्यासाठी मोठं रिसॉर्ट उत्तमच. पण मोठ्या ठिकाणी घर विखुरतं, हे आधीच धरून चाला. व्हाल तोरांसला मुक्काम असताना माणूस कूर्शवेलला गेला आणि परतीची शेवटची लिफ्ट चुकली, तर डोंगराच्या वरून येता येत नाही. गाडीने खाली मूतिए या गावापर्यंत उतरायचं आणि पुन्हा दुसऱ्या रस्त्याने वर. तासावर तास जातो, टॅक्सी खिसा रिकामा करते. वारा सुटला की वरच्या लिफ्ट आधीच थांबवतात, तेव्हा वेळापत्रकावर विसंबून राहता येत नाही. आमच्यातल्या एका घरचा मुलगा असाच पलीकडच्या दरीत राहिला होता. थंडीने फोनची बॅटरी बसली होती, आई-वडील रात्र पडेपर्यंत लिफ्टच्या दारात उभे. मुलगा सुखरूप आला, पण त्या दोघांची अवस्था मी पाहिली आहे.

इटलीत डोलोमाइट्समध्ये सेला रोंडा म्हणून चार खिंडींची फेरी आहे, लिफ्ट धरून साधारण ४० किलोमीटर. नारिंगी पाट्या घड्याळाच्या दिशेने, हिरव्या उलट्या. शेवटची खिंड दुपारी साडेतीनच्या आत ओलांडा, असं तिथं आवर्जून सांगतात. सरावलेली माणसंसुद्धा तिथं घड्याळ बघत चालतात.

म्हणून एकच नियम घाला. गड्ड्यात पोरं हरवू नयेत म्हणून आपण होम मैदानावर एक खूण ठरवतो ना, तसं गावातलं एक ठिकाण आणि एक वेळ ठरवा. मेहुण्याने तीनपर्यंत आपल्या दरीत परत यायचं. पोरांच्या जॅकेटच्या आतल्या खिशात हॉटेलचं नाव आणि तुमचा नंबर कागदावर लिहून ठेवा. फोनच्या भरवशावर राहू नका.

अक्षय (बी-२०२): ताई, हे पटलं. गुलमर्गला गंडोला (केबल कार) दोनच टप्प्यांचा, आधी कोंगडोरी आणि मग अफरवाट. माणूस कुठं गेला ते लगेच कळतं. पण वर अफरवाटला गेलं की बहुतेक उतार आखलेले नाहीत, हिमस्खलनाचा धोका. २०२४ च्या फेब्रुवारीत एका रशियन स्कीअरचा तिथं मृत्यू झाला. छोटं म्हणून सुरक्षित, असं नाही.

मंजिरी (ए-५०२): अगदी बरोबर बोललास. आल्प्सच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये आखलेल्या उतारांवर गस्त असते, सकाळी स्फोट करून धोक्याचं बर्फ आधीच पाडतात. खांब आणि दोरीच्या आत राहिलात तर तिथली काळजी व्यावसायिक माणसं घेतात. पोरांच्या दृष्टीने ही मोठ्या ठिकाणाची सगळ्यात जमेची बाजू, किलोमीटरपेक्षा कितीतरी मोलाची. शिवाय इंग्रजीत शिकवणारे प्रशिक्षक सहज मिळतात, बाबांना पायी फिरणाऱ्यांचा पास घेऊन गंडोलाने वर जाऊन येता येतं.

अण्णा (सी-१०१): आणि विमा?

मंजिरी (ए-५०२): अण्णा, चांगली आठवण केलीत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा मेडिकल विमा लागतोच, पण साध्या पॉलिसीत स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. ते वेगळं जोडून घ्या. डोंगरावरून स्ट्रेचरने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्चही त्यात आहे का, ते वाचून बघा. इटलीत तर २०२२ पासून दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा प्रत्येक स्कीअरला सक्तीचा आहे.

स्वाती (ए-१०३): फिजिओ म्हणून बोलते. स्कीइंगमध्ये गुडघ्याचा लिगामेंट सगळ्यात जास्त जातो, तोही दमल्यावर, दुपारी. मोठ्या रिसॉर्टमध्ये लोक 'अजून एक दरी' करत दमतात आणि परतीचा उतार चुकवता येत नाही. बेत एप्रिलचा असेल तर जानेवारीपासून मांड्यांचे व्यायाम सुरू करा. आपण राहतो साडेचारशे मीटरवर, तिकडं झोपायचं २,३०० मीटरवर. पहिले दोन दिवस डोकं दुखेल, पाणी भरपूर प्या. तुझ्या बाबांचा बीपी जायच्या आधी तपासून घ्या.

राहुल (बी-३०४): आभार वहिनी. ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय बुक केलं असतं?

मंजिरी (ए-५०२): एप्रिल आणि व्हाल तोरांस. सगळ्यांना थ्री व्हॅलीजचा पास मात्र घेतला नसता. व्हाल तोरांस आणि त्याला जोडलेलं ओरेल, एवढ्याच भागाचा वेगळा पास मिळतो, तोच सुमारे १५० किलोमीटरचा आहे. मेहुण्याला तो द्या. वाटलं तर एखाद्या दिवशी त्याने पुढच्या दऱ्यांचा घ्यावा. तुम्हा चौघांना शिकाऊ पास, तोही पहिले तीन दिवस.

पैसे वाचतील ते मुक्कामाच्या जागेवर घाला. पसरलेल्या गावात लिफ्टपासून खोली किती लांब, यावर सगळी सहल ठरते. स्कीचे बूट म्हणजे कडक प्लास्टिकचा साचा, नडगी पुढं दाबलेली, टाच हलत नाही. तशा बुटांत, खांद्यावर स्वतःच्या आणि पोराच्या स्की घेऊन, बर्फावरून दहा मिनिटं चाललं की धाकटा रडायला लागणार. शिकाऊ पट्ट्यासमोरची, स्वयंपाकघर असलेली खोली बघा. डोंगरावर शाकाहारी म्हणजे पास्ता आणि बटाट्याचे काप. कडक भाकरी आणि शेंगाचटणी इथून न्या, आठवडाभर खराब होत नाही.

आणि पासचं कार्ड डाव्या खिशात ठेवा, त्या खिशात फोन नको. गेटचं मशीन डाव्या बाजूला असतं, नाहीतर दर वेळी मागची रांग खोळंबते.

राहुल (बी-३०४): झालं, एजंटला उद्याच फोन करतो. एप्रिलला जोडणी किती चालू, ओरेलचा पास आणि पट्ट्यासमोरची खोली, तीनच गोष्टी विचारतो. तो दर काय देतो ते इथं टाकतो, ताई तुम्ही नजर घाला.

मंजिरी (ए-५०२): टाका. क्लासचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, तेही विचारा. पोरांचा क्लास सहा दिवसांचाच घ्या, तीन दिवसांत पोरं जेमतेम थांबायला शिकतात.

अक्षय (बी-२०२): दादा, मेहुण्याला जोडीदार हवा असेल तर मी आहे 🙋

स्वाती (ए-१०३): राहुल, दोन्ही पोरांना सोमवारी संध्याकाळी सहाला गच्चीवर पाठव. अक्षय, तूही ये.