यूएई टूर सायकल शर्यत: सपाट रस्त्यावर पेलोटॉन (रायडर्सचा मुख्य घोळका) का फुटतं?

होटगीकर: जबल हफीत, जबल जैस असे घाट सोडले तर वाळवंटातल्या स्टेज (एकेका दिवसाचे टप्पे) सपाट. तरी घोळका का तुटतो?

चेनलिंक: आडवा वारा. तो उजवीकडून असेल तर पहिला रायडर रस्त्याच्या उजव्या कडेला, बाकीचे त्याच्या मागे डावीकडे तिरके. रस्त्याची रुंदी संपली की वाऱ्यापासूनचा आडोसा संपला. डाव्या कडेला एका रांगेत लटकलेल्यांपैकी एकाने पुढच्याचं चाक सोडलं, म्हणजे तो मागे पडला, की त्याच्या मागचे सगळे गेले. म्हणून ज्या वळणानंतर वारा आडवा होतो, त्याआधीच जाणत्या टीम पुढे घुसतात.

होटगीकर: जूनमध्ये सोलापूरच्या विजापूर रोडवर अशा तिरक्या रांगेचा सराव जमेल?

माळढोक: जाताना पश्चिमेचा वारा उजवीकडूनच लागतो, पण ट्रकच्या रस्त्यावर तिरकी रांग अजिबात नको! रिकामा रस्ता बघा, चौघेच राहा. चाकाला चाक घासलं तर मागचा पडतो. पुढच्या चाकाला ५० मिमी उंचीची रिम नको, आडवा वारा तिला ढकलतो; ३० पुरे.